जर्दाळूचं झाड वाढतं, पण फुलत नाही. विदर्भातल्या अंगणात काय करावं?

सांदवाडी_काटोल

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागच्या सांदवाडीत जर्दाळूचं झाड आहे. पुतण्या फौजेत आहे. कारगिलकडे असताना सुट्टीवर आला तेव्हा त्याने ओल्या जर्दाळूच्या बिया आणल्या होत्या. आईने त्या ओलसर रेतीत घालून डब्यात भरल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. टरफलं उकलून पांढरे मोड आले तशा पिशव्यांत लावल्या. त्यातलं एक झाड टिकलं, ते आता छपराच्या वर गेलंय. पानं गोलसर, देठ लालसर, सावली दाट. फूल मात्र आजवर एकही नाही.

शिवाय तीन दुखणी आहेत. खोडाला मावळतीच्या बाजूने डिंक येतो. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात. आणि पावसाळ्यात शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमीन काळी, भारी. हातभर खोदलं की चुनखडीचे खडे लागतात.

शेजारचे काका म्हणतात, "संत्र्याला देतो तसा याला ताण दे, बघ कसं फुटते." पाऊस यायच्या आत काय करायचं आणि हिवाळ्यात ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, की नाही, हे जाणकारांनी सांगावं. आईचा त्या झाडात फार जीव आहे, म्हणून काही उलटसुलट करायचं नाही.

बगीचावाला_वरुड

भाऊ, मी त म्हणतो ताण देऊन पाहाच. आमच्या वरुड-मोर्शीकडं आंबियासाठी, म्हंजे जानेवारीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडतेत. पानं जरा मलूल झाली, कोमेजली की समजायचं ताण बसला. मंग जानेवारीत खत टाकून पाणी सोडलं की बगीचा पांढरा होते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसते, भारीत वेळ लागते. तुमची जमीन भारी हाय, त पाणी दिवाळीनंतरच कमी करत जा. झाड दमलं पायजे, त्याशिवाय फूल कुठून येईन?

पऱ्हाटी_ते_पेरू

एकच झाड आहे ना? जोडीला दुसरं झाड नसेल तर फळ कसं धरेल? दुसरं रोप लावा असं माझं मत.

सेलूचा_माणूस

सांदवाडीभाऊ, मी मूळ वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा. शिक्षण सोलनजवळच्या नौणीला, डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या विद्यापीठात झालं. नंतर शिमला आणि किन्नौरकडच्या बागांत जर्दाळू, प्लम, सफरचंद यांतच नोकरी केली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. ताण देऊ नका. बगीचावाले दादांनी संत्र्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे, पण संत्रं सदाहरित झाड आहे. त्याची वाढ चालूच राहते, म्हणून आपण पाणी तोडून ती थांबवतो. अन्नाचा साठा फांदीत जमतो आणि पाणी मिळालं की फूल बाहेर पडतं. जर्दाळू पानझडी आहे. त्याचा फुलाचा डोळा आदल्या उन्हाळ्यात-पावसाळ्यातच काडीवर तयार होतो आणि हिवाळ्यात झोपी जातो. त्याला उठवायला पाणी चालत नाही, खत चालत नाही, थंडीच लागते, आणि तीही तासांच्या हिशेबात. ढोबळ हिशेब असा की ७ अंशांच्या खालचे तास मोजायचे. हिमालयातल्या बहुतेक जातींना असे ६०० ते ९०० तास लागतात. कमी थंडीच्या म्हणून परदेशात ज्या जाती काढल्या आहेत, त्यांतल्या गोल्ड किस्टसारख्या जातीलाही ३०० च्या आसपास लागतात. कारगिलची बी म्हणजे कडक थंडीच्या घराण्यातली.

आता आपल्याकडचा हिशेब लावा. नागपुरात जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या घरात असतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता, काटोलकडे वावरात दव गोठल्याचं अनेकांना आठवत असेल. पण अशा रात्री मोजक्या, आणि त्यांतही ७ च्या खाली पारा राहतो तो पहाटेचे काही तास. उलट दुपारी २७-२८ अंश झाले की रात्री जमलेल्या थंडीतली काही वजा होते. खाते भरतच नाही.

तुमच्या झाडाचं नेमकं काय चाललंय ते डोळ्यांनी बघता येईल. दिवाळीनंतर एक वर्षाची काडी हातात घ्या. पानाच्या देठाजवळ जिथे गाठ असते तिथे डोळे बघा. निमुळता, टोकदार, काडीला चिकटलेला असेल तो पानाचा. त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना गोलसर, फुगीर, तपकिरी खवल्यांचा डोळा असेल तर तो फुलाचा. फुगीर डोळे दिसलेच नाहीत तर झाड अजून वयात आलेलं नाही. कलमाचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येतं, बियाचं त्याहून उशिरा. पण फुगीर डोळे दिसले आणि जानेवारी-फेब्रुवारीत काडीला नुसता हात लावला तरी ते गळून पडायला लागले, तर समजा थंडी पुरली नाही. झाडाखाली जुनं लुगडं अंथरून ठेवलं तर ज्वारीच्या दाण्याएवढे वाळके डोळे त्यावर पडलेले सापडतील. थंडी कमी पडल्याची दुसरी खूण मार्चमध्ये दिसते. शेंड्याचे डोळे फुटतात आणि खालची काडी लांबच्या लांब उघडी राहते.

पऱ्हाटीभाऊ, दुसऱ्या झाडाचा मुद्दा फुलं आल्यानंतरचा. जर्दाळूच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागावर फळ धरतात, मध्य आशियाकडच्या पुष्कळशा धरत नाहीत. इथे फूलच नाही, तेव्हा दुसरं रोप लावून जागा अडवू नका.

तुमच्या उरलेल्या तीन दुखण्यांवर मात्र इलाज आहे. ते संध्याकाळी लिहितो.

बगीचावाला_वरुड

आता ध्यानात आलं. म्हंजे संत्र्याले आपण झोपवतो अन् याले उठवाचं हाय, दोन्ही उलट. मंग त ताणानं नुसतं झाड खंगन. सांदवाडीभाऊ, काकाजीले सांगा राहू द्या म्हनून.

पण डिंक्याचं मी सांगतो, तो आमचा रोजचा हाय. डिंक जिथं येते तिथली साल धारदार चाकूनं खरडून काढाची, आतली निरोगी साल लागेपर्यंत. खरडलेलं खाली पाडाचं नाही, गोळा करून जाळाचं. मंग बोर्डो पेस्ट लावाची. एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद पाच लिटरात येगळं भिजवाचं, चुना पाच लिटरात येगळा विझवाचा, दोन्ही प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात. लोखंडी बकेट घेऊ नका. मंग दोन्ही मिळवून ब्रशनं खोडाले जमिनीपासून कमरेपर्यंत. पावसाच्या आधी एकदा, पाऊस गेला की एकदा.

सेलूचा_माणूस

दादांची पेस्ट चालेल, खोडापुरती. दोन गोष्टी जोडतो.

पहिली. संत्र्यात डिंक्या म्हटलं की बहुतेक वेळा मुळाशी पाणी तुंबून वाढणारी बुरशी असते. जर्दाळू, पीच, प्लम ही झाडं कुठल्याही जखमेला डिंकानेच उत्तर देतात. उन्हाचा चटका, अळी, कुऱ्हाडीचा घाव, पाणी साचणं, काहीही असो, डिंक तोच. म्हणून आधी कारण शोधा. डिंकात भुसा मिसळलेला दिसला, वर जाळीसारखं लोंबत असलं, तर ती साल पोखरणारी अळी. जाळी साफ करा, छिद्रात तार घालून अळी मारा, रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वर ओल्या मातीने लिंपा. भुसा नसेल आणि डिंक फक्त मावळतीकडेच असेल, तर ते ऊन आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश झालं होतं. अशा उन्हात दुपारी दोननंतरचा सूर्य उघड्या खोडावर पडला की साल आतून शिजते, तडकते, आणि तिथून डिंक निघतो. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. दरवर्षी फेब्रुवारी संपताना खोडाला आणि खालच्या जाड फांद्यांना चुना पाण्यात दाट कालवून लावा. त्या बाजूला तुराट्यांचा आडोसा उभा केला तर आणखी चांगलं.

दुसरी, आणि ही जपून वाचा. मोरचुदाचं पातळ बोर्डो मिश्रण संत्र्यावर पानांसकट फवारतात. तसं जर्दाळूवर पानं असताना फवारू नका. या वर्गातल्या झाडांची पानं तांब्याने भाजतात, भोकं पडतात, गळून जातात. तांबं फवारायचं असेल तर पानं पूर्ण झडल्यावरच.

पिवळ्या पानांचं तुम्ही स्वतःच अर्धं निदान लिहिलं आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली असती तर नत्र कमी म्हटलं असतं. लोह जमिनीत असतं, पण चुनखडी ते बांधून ठेवते, आणि पावसाळ्यात भारी जमिनीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, मग आहे तेही उचलता येत नाही. म्हणून युरिया टाकत बसू नका. झाडापासून चार-पाच फुटांवर उताराकडे चर काढा, पाणी थांबता कामा नये. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि त्याच्या निम्मा विझवलेला चुना घेऊन, गाळून, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी फवारा. जमिनीतून द्यायचं तर चिलेटेड (जमिनीत विरघळलेलं राहणारं) लोह घ्या आणि पुड्यावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीए वालं चुनखडीत टिकत नाही.

अंगण_दर्यापूर

सेलूचे दादा, तुमचं वाचून बरं झालं विचारायच्या आधीच. मी मोबाईलवर जर्दाळूचं कलम मागवणार होते. फोटोत कुंडीतल्या झाडाला पिवळीधमक फळं लटकलेली, खाली लिहिलंय "सर्व हवामानात येते". आमचं गाव खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी खारट. येईल का काही?

सेलूचा_माणूस

ताई, मागवू नका. दोन कारणं. "सर्व हवामानात येते" असा जर्दाळू नाही. आणि जर्दाळूला खारं पाणी मुळीच सोसत नाही. पानांच्या कडा आधी करपतात, मग काड्या शेंड्याकडून वाळत येतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्यावर तो एक उन्हाळाही काढणार नाही. रोप येतं ते अनेकदा नुसतं खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या रोपाचं, असतं, कलमाचा सांधाही दिसत नाही. कुठलंही कलम घेताना बुडाजवळ सांधा बघायची सवय ठेवा. तिथे खोड थोडं वाकडं, गाठीचं असतं आणि वरखाली सालीचा रंग वेगळा दिसतो.

खारवट जमिनीत बोर आणि आवळा तग धरतात. अंगणात सुधारित बोराचं कलम लावा, पन्हाळीचं पाणी साठवून पहिली दोन वर्षं ते द्या.

नाशिकला_असतो

मी नाशिकला द्राक्षबागेत सुपरवायझर आहे, गाव यवतमाळ. इकडे छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून डॉर्मेक्स लावतात. जर्दाळूच्या काडीला लावलं तर थंडीची कसर भरून निघेल ना?

सेलूचा_माणूस

नाही भाऊ. डॉर्मेक्स म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, ते थंडीची थोडी तूट भरून काढतं, अख्खा हिवाळा नाही. जिथे गरजेची बरीचशी थंडी झालेली असते तिथे ते पुढचा धक्का देतं. आपल्याकडे शेकडो तासांची तूट आहे. डोस वाढवला तर डोळा जळतो.

आणि हे औषध घरच्या अंगणात आणूच नका. कातडीला लागलं तर भाजतं, श्वासातून त्रास होतो, आणि फवारणीच्या आगेमागे कुणी दारू घेतली तर अंगावर गंभीर उलटतं. बागेत हातमोजे, चष्मा, पूर्ण कपडे घालून प्रशिक्षित माणूस लावतो ती गोष्ट वेगळी. सांदवाडीत तुळस असते, लेकरं खेळतात, कोंबड्या फिरतात.

मेळघाट_वारा

चिखलदऱ्याला काय म्हणता? आमच्याकडे कॉफी होते, स्ट्रॉबेरी होते, हिवाळ्यात शेकोटीशिवाय बसवत नाही. घर समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे.

सेलूचा_माणूस

विदर्भात थंडीच्या फळांसाठी तुमचीच जागा सगळ्यांत बरी. तरी जर्दाळू नको. कॉफी आणि स्ट्रॉबेरीला गारवा लागतो, जर्दाळूला महिनोन्‌महिने गारठा लागतो. शिवाय तुमच्याकडचा पाऊस आणि धुकं. जर्दाळू कोरड्या हवेतलं फळ आहे, लडाखमध्ये ते गच्चीवर उन्हात वाळतं. दमट हवेत पानांवर छिद्रं पाडणारी बुरशी आणि फळकूज पाठ सोडत नाही.

हौस असेल तर कमी थंडीचा पीच लावून बघा. फ्लोर्डा प्रिन्सला १५० तासांच्या आसपास पुरतात, पंजाबच्या मैदानात तो आणि शान-ए-पंजाब लावतात. सफरचंदात हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही जात गरम प्रदेशासाठीच आहे. दोन्हींची कलमं डिसेंबर-जानेवारीत पानं नसताना मिळतात, तेव्हाच लावायची. उतारावर, मुरमाड जागी, दक्षिण-पश्चिम उन्हापासून आडोसा असेल तिथे. आणि माकडांचा बंदोबस्त आधी करा, मग खड्डा खोदा.

परिचारिका_भंडारा

बागेचं मला फारसं कळत नाही, पण बियांचं लिहायलाच हवं. पुतणे, भाचे तिकडून जर्दाळू आणतात, लेकरं आठळी फोडून आतला बदामासारखा गर खातात. कडू गरात अमिग्डालिन असतं, ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये इशारा दिला होता की मोठ्या माणसानेही एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कडू गर खाल्ले तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहान मुलाला एकसुद्धा जास्त होतो. लडाखात गोड गराची वेगळी जात आहे, पण हातात आलेली आठळी कुठली हे घरी कसं ओळखणार? कॅन्सरवर औषध म्हणून हे गर खायला सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. खाऊन उलटी, चक्कर, धाप लागली तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा.

सांदवाडी_काटोल

परिचारिकाताई, फार मोलाचं सांगितलंत. आईच्या डब्यात उरलेल्या आठळ्या आजच काढून टाकल्या.

सेलूचे दादा, सकाळी खोड नीट पाहिलं. भुसा नाही, जाळी नाही. डिंक मावळतीकडेच आहे आणि त्या बाजूची साल उभी तडकलेली आहे. म्हणजे ऊनच. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फळ नाही तर नाही, झाडाची सावली आहे ना, त्याला जपा." तेव्हा झाड ठेवतोय. या आठवड्यात साल खरडून पेस्ट लावतो, चर काढतो, आणि उन्हाळ्यात पश्चिमेला तुराट्या बांधीन.

आता एवढंच विचारतो. याच झाडावर पीचचा डोळा बांधता येईल का? डोळा बांधणारा माणूस गावात आहे, संत्र्याचे हजारो बांधतो. आणि वाळक्या काड्या कधी काढू?

सेलूचा_माणूस

जर्दाळूच्या खुंटावर पीच नीट जुळत नाही. पहिल्या वर्षी फुटतो, जोमाने वाढतो, आणि पुढे वाऱ्याने सांध्यातून सुटतो. उलट, पीचच्या खुंटावर जर्दाळू जुळतो. त्यामुळे पीच हवा असेल तर वेगळं कलम लावा, डोळा बांधणाऱ्याची मेहनत इथे वाया घालवू नका.

सल, म्हणजे वाळकी काडी, पावसात काढायची नाही. ओल्या हवेत कापलेल्या जागी बुरशी शिरते आणि फांदी आत आत वाळत जाते. आता कोरडं आहे तोवर काढा, राहिलेली दिवाळीनंतर. हिरव्या लाकडापर्यंत कापा, खुंटी ठेवू नका, कापाला लगेच पेस्ट लावा.

बगीचावाला_वरुड

सांदवाडीभाऊ, आळं कसं हाय तुमचं? खोडाले लागूनच पाणी सोडता का?

सांदवाडी_काटोल

हो, खोडाभोवतीच गोल आळं आहे. आई बादलीने त्यातच टाकते.

बगीचावाला_वरुड

मंग ते पहिले बदला, पेस्ट त्याच्यानंतर. दुहेरी आळं करा. खोडाजवळ हातभर माती चढवून उतरती ठेवा, तिथं पाणी शिवलं नाही पायजे. दुसरं आळं फांद्यायच्या घेराखाली, पाणी त्यातच. पाणी पिणारी बारीक मुळं तिथंच असतेत, बुडाशी नसतेत. अन् उन्हाळ्यात त्या आळ्यात गव्हांडा नाहीतर सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरवा, करपणं बरंच कमी होईन. कुटार खोडाले टेकू देऊ नका मात्र, उधई चढते.

सेलूचा_माणूस

दादा, हे माझ्याकडून राहूनच गेलं होतं. सांदवाडीभाऊ, दुहेरी आळं आधी, मग चर, मग पेस्ट. पेस्ट लावल्यावर दोन दिवस तरी कोरडे मिळतील असं बघून लावा.